पडद्यावर घर दिसले, पण माणूस दिसला काय?

माणसे एका छताखाली बसून काम करू लागली की त्यांच्यात आपोआप जिव्हाळा निर्माण होतो, असा एक समज आपल्या शिकल्यासवरल्या वर्गात खोलवर रुजला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि संगणकावर काम करणारी लाखो माणसे रातोरात घरी बसून काम करू लागली. तेव्हा याच समजातून चिंता व्यक्त झाली की आता सहकारी सहकाऱ्याला ओळखणार नाही, आपुलकी आटेल. त्या गोष्टीला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्ये जाहीर केले होते की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचारी कार्यालयात असतील. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने आपल्या माणसांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. बाकी कंपन्याही कमीअधिक प्रमाणात त्याच वाटेने गेल्या. एकत्र बसल्याशिवाय माणसे जोडली जात नाहीत, असे आता पुन्हा सांगितले जात आहे.

आपला प्रश्न मात्र वेगळा आहे. कार्यालयात जो जिव्हाळा होता असे सांगितले जाते, तो कोणाच्या वाट्याला आला होता? आणि कार्यालय सुटल्यावर जो गेला असे म्हणतात, तो खरोखरच गेला काय?

घरून काम केल्याने सहकाऱ्यांमध्ये सहवेदना वाढू शकते, असे माझे मत आहे. मात्र ती आपोआप वाढत नाही. तिला काही अटी लागतात आणि त्या अटी आपल्या चळवळीला नव्या नाहीत. या लेखात त्यांचाच विचार करायचा आहे.

एका छताखालची अस्पृश्यता

१९१७ साली बाबासाहेब परदेशातील शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या कचेरीत काय घडले, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून फायली टाकत. पायाखालच्या सतरंज्या गुंडाळून घेत. कचेरीत प्यायला पाणी मिळत नसे. छत एकच, काम एकच, धनी एकच. पण सहकारी म्हणावा असा माणूस त्या कचेरीत एकही नव्हता. शहरात राहायला जागा मिळाली नाही म्हणून ती नोकरी सोडावी लागली, हेही विसरता येत नाही. म्हणजे कचेरीत माणूस म्हणून मान नाही आणि कचेरीबाहेर घर नाही, अशी ती दुहेरी कोंडी होती.

मुंबईच्या कापड गिरण्यांचेही तेच. हजारो कामगार एका आवारात, एका भोंग्यावर कामाला येत. तरीही विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होतो, हे कारण. विणकाम खात्यात पगार जास्त होता, हे त्यामागचे न सांगितलेले कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा वर्गाच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांनाही तो अवघड वाटला. वर्षानुवर्षे खांद्याला खांदा लावून काम करूनही जी सहवेदना आली नाही, ती केवळ एकत्र बसल्याने येते असे आजही कोणी सांगत असेल, तर त्याने आधी या इतिहासाचे उत्तर द्यावे.

ही जुनी गोष्ट झाली, असे काही जण म्हणतील. त्यांच्यासाठी अलीकडचा दाखला देतो. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. उच्चवर्णीय नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची जी शक्यता होती, तिच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाची शक्यता सुमारे दोनतृतीयांशच निघाली. त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरून दाखवून दिले की गुणवत्तेची भाषा बोलणारे हे अधिकारी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' आवर्जून पाहतात. वडील काय करतात, राहता कुठे, भाऊबहीण किती शिकले, असे ते प्रश्न असतात. 'पार्श्वभूमी' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

२०२० मध्ये कामरगावात काय दिसले

आमचे कामरगाव वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'आकांक्षित जिल्हे' म्हणून महाराष्ट्रातले जे चार जिल्हे निवडले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाच्या उस्मानाबादबरोबर वाशीमही आहे. आकांक्षित हा शब्द गोड आहे. त्याचा साधा अर्थ मागे राहिलेला जिल्हा असा आहे. सोयाबीन, तूर आणि कपाशी सोडली तर हाताला दुसरे काम नाही. म्हणून आमची शिकलेली मुले पुण्याला जातात, हैदराबादला जातात, बंगळुरूला जातात. २०२० च्या उन्हाळ्यात ही मुले बॅगेत लॅपटॉप घेऊन गावात परत आली.

मग जे काम चकचकीत इमारतीत चालत होते, ते टिनाच्या छपराखाली चालू लागले. कोणी स्लॅबवर चढून रेंज शोधे, कोणी विहारात जाऊन बसे. कारण घरात दोन खोल्या आणि माणसे सात. दुपारी लाईट गेली की मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि तोही गेला की साहेबांना मेसेज. मागे कोंबडा आरवतो, शेजारी भांडी पडतात, आजी मोठ्याने विचारते, "काहून रे, कोणाशी बोलून राहिला?" हे सगळे बंगळुरूच्या साहेबाच्या कानावर पडत होते. आणि साहेबाच्या घरी त्याचे लहान लेकरू मांडीवर चढत होते, तेही इकडे दिसत होते.

आमच्या वस्तीतली एक मुलगी एका कंपनीच्या ग्राहकसेवेत काम करत होती. तिच्या गटप्रमुख बाईंना तीन वर्षे हे माहीत नव्हते की या मुलीच्या पगारावर घरातली पाच माणसे जगतात. पुण्यात ती नीटनेटका पोशाख करून, वेळेवर येऊन, हसून काम करून जात होती. विचारायचे कारणच पडले नाही. गावात आल्यावर एकदा बैठकीच्या मध्येच तिच्या वडिलांना दम लागला. ती उठली आणि तिने काय केले ते सर्वांनी पाहिले. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी सकाळची बैठक तासभर पुढे ढकलली आणि इतरांना कारणही सांगितले नाही. मुलीला त्याचा उपकार वाटला. मी तिला म्हणालो, हा उपकार नाही, ही समज आहे. उपकार वरून खाली येतो. समज समोरासमोर येते.

हा फरक आपल्या चळवळीला चांगला कळतो. दया आणि सहवेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दया करणारा आपल्या जागेवरून हलत नाही. 'बिचारा' म्हणून तो मोकळा होतो. सहवेदना बाळगणारा माणूस दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो आणि मग आपले वागणे बदलतो. वागणे बदलले नाही, तर ती सहवेदना नव्हे. बैठकीची वेळ बदलली, म्हणून त्या बाईंच्या मनात सहवेदना होती असे म्हणता येते.

भिंतीवरचा फोटो

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. एक मुलगा, संगणक अभियंता. त्याच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत ज्या भिंतीजवळ प्लग आहे, त्याच भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. कॅमेरा लावला की फोटो मागे दिसणारच. पुण्यात चार वर्षे त्याने आपले आडनाव आखडून लिहिले होते आणि गाव विचारले की 'अकोल्याकडे' एवढेच उत्तर देत होता. आता पडद्यावरची 'पार्श्वभूमी' धूसर करण्याची सोय त्याच्या हाती होती, ती त्याने वापरली. माणूस स्पष्ट, भिंत अंधुक. भरतीच्या वेळी साहेब लोक जी कौटुंबिक पार्श्वभूमी शोधतात, ती झाकण्याचे बटण आमच्या मुलाला यंत्राने दिले. यात त्याचा दोष नाही. ज्या समाजात ओळख उघड झाली की किंमत मोजावी लागते, तिथे ओळख झाकणे हा भित्रेपणा नसून स्वसंरक्षण आहे.

एके दिवशी जुना लॅपटॉप बिघडला आणि दुसऱ्यावर ती सोय नव्हती. फोटो दिसला. कोणी काही बोलले नाही. रात्री एका सहकाऱ्याचा मेसेज आला की आमच्याही घरी हेच फोटो आहेत. तो मुलगा मला सांगत होता, "दादा, दोन वर्स आम्ही शेजारी बसून डबा खाल्ला, पण एकमेकाले कधी समजू दिलं नाही." कार्यालयाने त्यांना एकमेकांपासून लपवले होते, गावातल्या घराने त्यांची भेट घडवली. पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच गटातल्या एका दुसऱ्या सहकाऱ्याने काही दिवसांनी गप्पांच्या गटात आरक्षणावर एक विनोद टाकला आणि चार जणांनी त्याला हसरे चेहरे पाठवले. घर दिसले म्हणून एकाच्या मनात आपलेपणा आला, दुसऱ्याच्या मनात जात जागी झाली. मग दिसण्याने सहवेदना येते की द्वेष येतो?

उत्तर असे आहे की नुसते दिसण्याने दोन्हींपैकी काहीही येऊ शकते. कोणत्या नात्यात दिसले, यावर ते अवलंबून असते.

संपर्क कोणता, नाते कोणते

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात आदर्श समाजाची कसोटी सांगितली. समाजातले गट एकमेकांशी अनेक प्रकारे, मोकळेपणाने संपर्कात असले पाहिजेत आणि एका भागातला बदल दुसऱ्या भागात पाझरला पाहिजे, अशी ती मांडणी आहे. या पाझरण्यासाठी त्यांनी जीवशास्त्रातली संकल्पना वापरली. मराठीत आपण तिला सामाजिक अभिसरण म्हणू. त्याच लेखनात त्यांनी हेही दाखवले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे. म्हणजे काम वाटून घेण्याआधीच माणसे वाटली गेलेली असतात.

पुढे १९५४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांवरील आपल्या ग्रंथात याच प्रश्नाचा विचार केला. वेगवेगळ्या गटांतील माणसांचा संपर्क आल्याने पूर्वग्रह कमी होतात, पण त्यासाठी दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, सहकार्य हवे आणि वरच्या अधिकाराचा त्याला पाठिंबा हवा, असे त्यांचे म्हणणे. आपल्या देशात याची परीक्षा क्रिकेटच्या मैदानावर झाली. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेटचे सामने भरवले आणि कोण कोणाच्या संघात जाईल हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की एका संघात खेळल्याने परजातीच्या मित्रांची संख्या वाढली. मात्र विरोधी संघ म्हणून समोर आल्याने तसा लाभ झाला नाही, उलट परिणाम झाला. संपर्क दोन्हीकडे होता. नाते वेगळे होते.

आता हीच फूटपट्टी घरून चालणाऱ्या कामाला लावून पाहू. पडद्यावर साहेबाचा चौकोन आणि शिकाऊ मुलाचा चौकोन एकाच आकाराचा असतो. केबिन नाही, मोठी खुर्ची नाही, कोणाच्या टेबलाशी उभे राहावे लागत नाही. आमच्या वकिली व्यवसायातही हे पाहिले. ६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य पद्धतीने सुनावण्या घेण्याबाबत निर्देश दिले आणि तालुक्याच्या गावात बसलेल्या वकिलाला नागपूर खंडपीठातले कामकाज घरून पाहता येऊ लागले. नामांकित ज्येष्ठ वकिलाचाही आवाज अडकतो, त्याच्याही घरचा कुत्रा भुंकतो, त्यालाही "आपला आवाज येत नाही" असे ऐकावे लागते, हे नवशिक्या वकिलाने पाहिले. मोठा माणूसही माणूस आहे, हे कळणे समतेच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतील संपर्कांचा अभ्यास 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सर्वच जण घरून काम करू लागल्यावर माणसे आपापल्या गटात अधिक बंदिस्त झाली आणि गटागटांना जोडणारे पूल कमी झाले, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे ओळखीच्या माणसाची ओळख घट्ट होते, अनोळखी माणूस अनोळखीच राहतो. ज्या देशात गट म्हणजे बहुतेक वेळा जात, तिथे या निष्कर्षाचा अर्थ किती गंभीर आहे हे सांगायला नको. अभिसरणाचे पाट बुजले, तर घरून काम म्हणजे नवी चातुर्वर्ण्याची चौकट होईल. प्रत्येक जण आपापल्या चौकोनात सुखी!

यातून मार्ग आहे काय? चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीत सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिले, बाकीचे दिवस कार्यालयात. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एकतृतीयांशाने घटले आणि बढत्यांवर वाईट परिणाम झाला नाही. मला त्यातली दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते. प्रयोगाआधी व्यवस्थापकांचा अंदाज होता की याने उत्पादकता घटेल. प्रयोगानंतर त्यांनीच आपले मत बदलले आणि ती थोडी वाढते असे म्हटले. हाताखालचा माणूस नजरेआड झाला की कामचुकारपणा करतो, हा वरच्यांचा जुना पूर्वग्रह आहे. तो अनुभवाने मोडला. विश्वास टाकून पाहिल्याशिवाय अविश्वास जात नाही.

सर्वांना घर आहे काय?

घरून काम या शब्दांत आधी 'घर' आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे ४.४ टक्के आणि इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे १४.९ टक्के आढळली. टाळेबंदी आली ती या पायावर. नंतर मोबाईल वाढले, डाटा स्वस्त झाला, समृद्धी महामार्गही आमच्या तालुक्यातून गेला. पण एका खोलीच्या दोन खोल्या डाटाने होत नाहीत. ज्याच्याकडे स्वतंत्र खोली आहे त्याचे घर हे कार्यालय होते आणि ज्याच्याकडे नाही त्याचे घर हे संकट होते. स्त्रियांचे तर विचारूच नका. कार्यालयात निदान आठ तास ती कर्मचारी असते. घरी ती एका हाताने भाकर टाकते आणि दुसऱ्या हाताने माऊस धरते.

आणि सफाई कामगार, शेतमजूर, बांधकाम मजूर, परिचारिका, एसटीचे वाहक-चालक यांना तर हा प्रश्नच लागू नाही. साहेब घरी बसून काम करू शकले ते यांनी घराबाहेर पडून काम केले म्हणून. सहकारी या शब्दाचा अर्थ केवळ पडद्यावरच्या चौकोनापुरता धरला, तर सहवेदनाही मध्यमवर्गाच्या मालकीची होईल.

शिवाय घरून काम ही काही २०२० ची नवलाई नाही. भंडारा-गोंदिया, सिन्नर, सोलापूर या भागांत बायका पिढ्यानपिढ्या घरी बसून विड्या वळत आल्या आहेत. तेंदूपत्ता आणि तंबाखू सट्टेदाराकडून घ्यायचा, हजारांवर मजुरी मोजायची, आणि सट्टेदाराने वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा तोटा आपण सोसायचा. घर एकेकटे पाडते, हे त्या बायकांना फार आधी कळले होते. कामठीचे बाबू हरदास (१९०४-१९३९), ज्यांना आपण 'जयभीम' या अभिवादनाचे जनक म्हणून मानतो, त्यांनी विडी कामगारांची पिळवणूक थांबावी म्हणून त्यांना संघटित केले, सहकाराची वाट दाखवली. घरोघर विखुरलेल्या कामगाराला दुसऱ्या घरातल्या कामगाराचे दुःख संघटनेतूनच कळते, हा धडा आजच्या लॅपटॉपवाल्यांनी त्या विडीवाल्या बायांकडून घ्यावा. घरी काम करणाऱ्यांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये करार केला. भारताने तो स्वीकारलेला नाही.

कायदा काय म्हणतो

सहवेदना कायद्याने निर्माण करता येत नाही, हे खरे. पण सहवेदनेच्या आड येणारी भीती कायद्याने दूर करता येते.

पहिली गोष्ट, घरी बसून काम करताना झालेला अपमान हा 'खासगी' ठरत नाही. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ मध्ये कामाच्या जागेच्या व्याख्येत राहते घरही आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील जातिवाचक अपमानाच्या गुन्ह्याला 'लोकांच्या नजरेत येईल असे ठिकाण' लागते. आणि इंटरनेटवरून केलेल्या अपमानालाही हा कायदा लागू होऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी असते. तरी गटातला मेसेज, बैठकीचे ध्वनिमुद्रण, तारीख आणि वेळ जपून ठेवावी, हा माझा सल्ला. कार्यालयात तोंडी टोमणा हवेत विरून जातो. पडद्यावरचा टोमणा पुरावा मागे ठेवतो.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्याची सक्ती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. नेदरलँड्समध्ये दिवसभर कॅमेरा चालू ठेवण्यास नकार दिला म्हणून कामावरून काढलेल्या कर्मचाऱ्याच्या बाजूने तिथल्या न्यायालयाने २०२२ मध्ये निकाल दिला. आपले घर दाखवायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क कामगाराचा असला पाहिजे. मन मोकळे करणे हे स्वेच्छेने होते. सक्तीने होते ती झडती.

तिसरी गोष्ट, वेळ. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळत होते आणि १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. घरून काम करणाऱ्याचे तास कोण मोजतो? कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. तसा कायदा झाला नाही. पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदा केला. त्यात वेळेबाहेर कामगाराला त्रास न देण्याचे बंधन मालकावर आहे आणि घरून काम करणारा एकटा पडू नये म्हणून ठरावीक काळाने प्रत्यक्ष भेटी घडवण्याची तरतूदही आहे. घर आणि भेट या दोहोंची गरज कायद्याने ओळखली, हे महत्त्वाचे. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याची तरतूद आली. ती किती भगिनींना माहीत आहे?

आपण काय करायचे

बंधुता हा शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर तथागतांच्या शिकवणीतून घेतला, असे बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. बंधुता ही भिंतीवर लिहायची गोष्ट नसून रोजच्या कामात आचरायची गोष्ट आहे. तेव्हा आपल्या नोकरदार तरुणांनी काही साध्या गोष्टी कराव्यात.

जे आज अधिकारी, गटप्रमुख, मुख्याध्यापक, शाखाधिकारी झाले आहेत, त्यांनी आपल्या हाताखालच्या माणसाची वेळ ठरवण्याआधी त्याच्या घराची चौकशी करावी. कॅमेरा बंद असेल तर कारण विचारू नये. आपल्याला जे सहन करावे लागले ते पुढच्याला करावे लागू नये, ही सहवेदनेची पहिली पायरी आहे. कर्मचारी संघटनांनी घरून काम करणाऱ्यांना वाऱ्यावर सोडू नये; वीज, इंटरनेट आणि खुर्ची-टेबलाचा खर्च मालकाने द्यावा, अशी मागणी लावून धरावी. गावोगावच्या विहारांत आणि अभ्यासिकांत चांगले इंटरनेट, वीज गेली तरी चालेल अशी सोय आणि चार शांत टेबले असावीत. ज्या मुलीला घरात खोली नाही, तिला विहारात जागा मिळाली पाहिजे. यासाठी शासनाकडे मागणीही करावी आणि आपल्या कमाईचा हिस्साही द्यावा. आणि जे पुन्हा कार्यालयात गेले आहेत, त्यांनी टाळेबंदीत पाहिलेली घरे विसरू नयेत. शेजारच्या टेबलावरचा माणूस संध्याकाळी कुठे जातो, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

राहता राहिला तो भिंतीवरचा फोटो. तो झाकावा की दाखवावा, हे कोणी दुसऱ्याने सांगू नये. ज्याला पोटासाठी झाकावा लागतो, त्याला चळवळीने कमी लेखू नये; आणि ज्याने तो उघडा ठेवला, त्याला एकटे पडू देऊ नये. ज्या दिवशी तो फोटो मागे दिसूनही बैठकीत फक्त कामाचीच चर्चा होईल आणि बैठक संपल्यावर एखादा सहकारी आपणहून विचारील की तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना, त्या दिवशी घर दिसले आणि माणूसही दिसला, असे म्हणता येईल.